उन्हाळी नव्हे, प्रोस्टेट

सुरतच्या उधना, लिंबायत, डिंडोली या भागांत जळगाव, धुळे, नंदुरबारहून आलेल्या कुटुंबांची मोठी वस्ती आहे. या घरांत लघवीची कोणतीही तक्रार निघाली की पहिला शब्द येतो ‘उन्हाळी’. जळजळ झाली, उन्हाळी. सारखं जावं लागतं, उन्हाळी. थेंब थेंब होते, तीही उन्हाळीच. मग धण्या-जिऱ्याचं पाणी, सब्जा, बार्ली सुरू होते. सुरतचा दमट उकाडा आणि कापड मिलमधली उष्णता पाहता तरुण कामगाराच्या बाबतीत हा अंदाज पुष्कळदा बरोबरही ठरतो. पाणी कमी पडलेलं असतं, ते वाढवलं की जळजळ उतरते. पण साठी ओलांडलेले वडील ऐन जानेवारीतही रात्री चार-चार वेळा उठत असतील, मोरीत पाच मिनिटं उभं राहूनही धार सुरू होत नसेल, तर ती उन्हाळी नाही. आणि बार्लीचं पाणी पाजून अशा माणसाचा त्रास फक्त वाढतो.

दोष आहे तो प्रोस्टेट नावाच्या ग्रंथीचा. ही ग्रंथी फक्त पुरुषांना असते. मूत्राशयाच्या अगदी खाली, अक्रोडाएवढी, वजनाने साधारण 20 ग्रॅम. वीर्यातला काही द्रव तयार करणं हे तिचं काम. तिची जागा मात्र मोक्याची आहे. मूत्राशयातून बाहेर पडणारी लघवीची नळी थेट या ग्रंथीच्या मधून जाते. चाळिशी-पन्नाशीनंतर ग्रंथीचा नळीभोवतालचा आतला भाग हळूहळू वाढू लागतो आणि नळी आवळली जाते. पन्नाशी ते साठीच्या दरम्यानच्या निम्म्या पुरुषांच्या ग्रंथीत सूक्ष्मदर्शकाखाली ही वाढ दिसते. ऐंशीच्या पुढे तर ती बहुतेकांत असते. त्या अर्थाने ‘वय झालं, होणारच’ हे घरोघरी ऐकू येणारं वाक्य खरं आहे. त्यापुढे ‘म्हणून सोसायचं’ असं जे गृहीत धरलं जातं, ते मात्र खरं नाही.

नळी अरुंद झाली की मूत्राशय आधी हार मानत नाही. ते स्नायूंची पिशवी आहे. जास्त जोर लावून ते लघवी बाहेर ढकलतं. जोर लावून लावून त्याची भिंत जाड आणि चिडखोर होते. म्हणून थोडी लघवी साठली तरी ‘आत्ताच्या आत्ता’ जावंसं वाटतं. पुढे कधीतरी हा स्नायू थकतो. लघवी पूर्ण बाहेर पडत नाही, तळाशी साठून राहते. साठलेल्या लघवीत जंतूंचा संसर्ग होतो, कधी खडे धरतात. आणि मूत्राशयातला दाब कायम चढा राहिला तर तो वर मूत्रपिंडांपर्यंत पोचतो.

इथे एक लक्षण वेगळं सांगायला हवं, कारण घरात त्याचा हमखास चुकीचा अर्थ लावला जातो. म्हातारपणी रात्री झोपेत अंथरूण ओलं होऊ लागलं की मंडळी समजतात, आबांचा ताबा सुटला. मग रबरी कापड येतं, डायपर येतं, आणि खोलीच्या कोपऱ्यात वेगळी खाट. प्रत्यक्षात अनेकदा उलटं असतं. मूत्राशय काठोकाठ भरलेलं असतं आणि भरलेल्या माठासारखं वरून पाझरत असतं. हे हळूहळू घडलं तर दुखतही नाही. दुखत नाही म्हणून कोणी दवाखान्यात नेत नाही, आणि मूत्रपिंड निकामी होऊ लागल्याचं पाय सुजल्यावर, उलट्या झाल्यावर, रक्तातलं क्रिएटिनिन वाढल्यावर कळतं. अशा माणसाला डायपरच्या आधी सोनोग्राफीची गरज असते.

सोनोग्राफीचा कागद हातात आला की दुसऱ्या टोकाची भीती सुरू होते. त्यावर ‘ग्रेड टू’ किंवा ‘ग्रेड थ्री’ असं काही लिहिलेलं असतं आणि ते वाचून माणूस हबकतो. इथे दोन गोष्टी नीट समजून घ्याव्यात. पहिली, ही वाढ म्हणजे कर्करोग नव्हे आणि तिचं रूपांतरही कर्करोगात होत नाही. दोन्ही आजार एकाच ग्रंथीत, एकाच वयात होऊ शकतात, म्हणून तपासणी करायची. दुसरी, ग्रंथीचा आकार आणि माणसाचा त्रास यांचं प्रमाण जुळतंच असं नाही. 80 ग्रॅमची ग्रंथी घेऊन एखादा रात्रभर शांत झोपतो आणि 30 ग्रॅमवाला तळमळत असतो. ग्रंथी वाढली ती आतल्या बाजूला की बाहेरच्या, तिचा मधला भाग मूत्राशयाच्या तोंडावर बुचासारखा बसतो का, यावर बरंच ठरतं. म्हणून चांगला डॉक्टर कागदावरच्या ग्रेडपेक्षा समोरच्या माणसाला जास्त विचारतो.

आणि नेमकं विचारण्या-सांगण्यातच आपलं घोडं अडतं. सुरतमधल्या खानदेशी घरातले आजोबा घरी अहिराणी बोलतात. डॉक्टर गुजराती. सोबत मुलगा किंवा सून दुभाष्यासारखी बसलेली. सुनेच्या देखत ‘धार कशी पडते’ हे सांगायचं कसं? मग आजोबा ‘बरं आहे, थोडी जळजळ’ एवढंच म्हणतात, गोळ्या घेऊन परत येतात, आणि खरा आजार त्यांच्याबरोबरच घरी येतो.

या संकोचावर एक साधा उपाय आहे. जगभरचे मूत्ररोगतज्ज्ञ सात प्रश्नांची एक यादी वापरतात. अमेरिकेतल्या मूत्ररोगतज्ज्ञांच्या संघटनेने ती 1992 मध्ये तयार केली. गेल्या महिन्याभराचा विचार करून उत्तरं द्यायची. लघवी झाल्यावरही थोडी आत राहिली असं वाटतं का? दोन तासांच्या आत पुन्हा जावं लागतं का? लघवी मध्येच थांबते, पुन्हा सुरू होते, असं होतं का? लागल्यावर धरून ठेवणं अवघड जातं का? धार बारीक झाली आहे का? सुरू करायला कुंथावं लागतं का? या सहा प्रश्नांना ‘कधीच नाही’ला शून्य आणि ‘जवळजवळ दर वेळी’ला पाच, असे गुण. सातवा प्रश्न रात्रीचा: झोपल्यापासून सकाळपर्यंत किती वेळा उठता? जितक्या वेळा, तितके गुण, जास्तीत जास्त पाच. एकूण बेरीज 35 पर्यंत जाऊ शकते. सातपर्यंत त्रास सौम्य, आठ ते 19 मध्यम, 20 किंवा त्यापुढे तीव्र. हे गुण एका चिठ्ठीवर लिहून ती डॉक्टरांच्या टेबलावर ठेवली तर कोणालाही तोंडाने काही सांगावं लागत नाही, दुभाष्याचीही गरज उरत नाही. चिठ्ठीतल्या आकड्यांना भाषा नसते.

या आजाराबद्दलचं मौन फक्त आपल्याकडेच आहे असं नाही. ब्रिटनचे राजे चार्ल्स यांच्या वाढलेल्या प्रोस्टेटवर उपचार होणार असल्याचं राजवाड्याने 17 जानेवारी 2024 रोजी जाहीर केलं. राजघराण्याच्या प्रकृतीची बातमी इतक्या नेमक्या शब्दांत देणं ही तिथे नवी गोष्ट होती. त्या दिवशी ब्रिटनच्या सरकारी आरोग्यसेवेच्या संकेतस्थळावर या आजाराची माहिती वाचणाऱ्यांची संख्या आदल्या दिवसाच्या दहापटीहून जास्त झाली. इतके लोक मनात शंका घेऊन गप्प बसलेले होते. त्या उपचारांच्या वेळीच राजांना एक कर्करोग असल्याचं लक्षात आलं. तो प्रोस्टेटचा नव्हता, पण तपासणीला गेले म्हणून सापडला.

तपासणी तशी फार मोठी नसते. डॉक्टर हातमोजा घालून गुदद्वारातून बोटाने ग्रंथी चाचपतात; अर्ध्या मिनिटाचं काम, पण बरेच पुरुष याच भीतीने दवाखाना टाळतात. ग्रंथी गुळगुळीत आणि मऊ लागली तर साधी वाढ, कडक गाठ लागली तर पुढचा तपास. मग लघवीची तपासणी, रक्तातलं क्रिएटिनिन, साखर आणि पीएसए ही प्रोस्टेटसाठीची रक्तचाचणी. सोनोग्राफीत ग्रंथीचा आकार दिसतो, पण त्याहून महत्त्वाचं म्हणजे लघवी करून आल्यावर मूत्राशयात किती शिल्लक राहिली ते कळतं. धार मोजण्याचं एक यंत्र असतं. सेकंदाला 15 मिलिलिटरहून जास्त वेग असेल तर धार चांगली, 10 च्या खाली आली तर अडथळ्याचा संशय. पीएसए थोडं वाढलेलं दिसलं म्हणून लगेच कर्करोगाचं नाव घेऊ नये. साध्या वाढीत, संसर्गात, लघवी काढायची नळी नुकतीच टाकलेली असताना तो आकडा चढतो. लघवीत रक्त दिसलं तर मात्र, एकदाच दिसून थांबलं तरी, तपासणी टाळू नये.

रात्री उठणं प्रत्येक वेळी प्रोस्टेटमुळेच असतं असंही नाही. मधुमेह असेल, दिवसभर पायांवर उतरलेली सूज आडवं झाल्यावर लघवीवाटे बाहेर पडत असेल, रक्तदाबाची लघवी वाढवणारी गोळी संध्याकाळी घेतली जात असेल, तरीही झोपमोड होते. म्हणून तीन दिवस एक मापाचा मग मोरीत ठेवून किती वाजता किती लघवी झाली ते वहीत लिहावं. ही वही डॉक्टरांना महागड्या तपासण्यांइतकीच उपयोगी पडते.

त्रास सौम्य असेल तर औषधाचीही घाई नसते. संध्याकाळनंतर पाणी आणि चहा कमी, बद्धकोष्ठ होऊ न देणं, लघवी झाल्यावर क्षणभर थांबून पुन्हा एकदा प्रयत्न करणं, एवढ्यानेही फरक पडतो. पाणी सगळंच तोडू नये. सुरतच्या उन्हाळ्यात पाणी तोडलं तर मूतखड्याला आमंत्रण.

औषधं दोन प्रकारची आहेत. एक ग्रंथीतले आवळलेले स्नायू सैल करतं. टॅमसुलोसिन हे त्यातलं सगळ्यांत जास्त लिहून दिलं जाणारं. फरक काही दिवसांत जाणवतो. अंथरुणातून एकदम उठल्यावर चक्कर येऊ शकते, म्हणून आधी काठावर बसून मग उभं राहावं. आणि मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेआधी ही गोळी चालू आहे किंवा पूर्वी घेतली होती, हे डोळ्यांच्या डॉक्टरांना आवर्जून सांगावं. या औषधाने डोळ्यातला बाहुलीचा पडदा शस्त्रक्रियेच्या वेळी सैल पडून फडफडतो. हा दुष्परिणाम 2005 मध्ये वैद्यकीय जगापुढे आला. आधी कळलं तर नेत्रशल्यविशारद तशी तयारी ठेवतात. प्रोस्टेट आणि मोतीबिंदू एकाच वयाचे सोबती असल्याने ही सूचना घराघरात माहीत असायला हवी.

दुसरं औषध ग्रंथीच लहान करतं, आणि त्याच्या जन्माची कथा विलक्षण आहे. कॅरिबियन समुद्रातल्या डॉमिनिकन रिपब्लिक देशात सालिनास नावाचं गाव आहे. तिथली काही मुलं जन्मतः मुलीसारखी दिसत आणि वयात येताना पुरुष होत. ज्युलियन इम्पेराटो-मॅकगिन्ली या संशोधक डॉक्टर बाईंनी 1974 मध्ये याचं कारण मांडलं. पुरुषी संप्रेरकाचं अधिक तीव्र रूपात परिवर्तन करणारं एक विकर त्या मुलांत कमी होतं. या मुलांची प्रोस्टेट ग्रंथी मोठेपणीही लहानच राहत होती. त्यावरून विचार सुचला, की तेच विकर औषधाने रोखलं तर? त्यातून फिनास्टेराइड आलं, 1992 मध्ये अमेरिकेत त्याला मान्यता मिळाली. हे औषध धीम्या गतीचं आहे, पूर्ण परिणामाला सहा महिने लागतात. काहींची कामेच्छा त्याने कमी होते, हे डॉक्टरांनी आधी सांगावं आणि रुग्णाने विचारावं. पीएसएचा आकडा ते जवळपास निम्म्यावर आणतं, म्हणून रिपोर्ट दाखवताना ही गोळी चालू असल्याचं सांगणं गरजेचं. एकत्र कुटुंबात सासऱ्यांच्या गोळ्या सून काढून देते. ती गरोदर असेल तर तुटलेल्या किंवा चुरलेल्या गोळीला तिने हात लावू नये, कारण गर्भातल्या मुलग्याच्या वाढीवर परिणाम होऊ शकतो.

दोन्ही प्रकारची औषधं मिळून काय करतात हे अमेरिकेतल्या एका मोठ्या चाचणीत पाहिलं गेलं. 3,047 पुरुष, सरासरी साडेचार वर्षं. 2003 मध्ये निष्कर्ष आला: दोन्ही प्रकारची औषधं एकत्र घेणाऱ्यांत आजार पुढे सरकण्याचा धोका बिनऔषधी गोळी घेणाऱ्यांच्या तुलनेत 66 टक्क्यांनी कमी झाला. ग्रंथी मोठी असलेल्यांना ही जोडी विशेष उपयोगाची.

झाडपाल्याची गोष्ट थोडी वेगळी आहे. सुश्रुतसंहितेत मूत्राघाताचे, म्हणजे लघवी अडण्याचे, बारा प्रकार सांगितले आहेत आणि त्यातल्या वाताष्ठीलेचं वर्णन, मूत्राशय आणि गुद यांच्यामधल्या दगडासारख्या गाठीचं, या आजाराच्या बरंच जवळ जातं. म्हणजे आजार आपल्या पूर्वजांना परका नव्हता. पण आज ‘प्रोस्टेटवर रामबाण’ म्हणून विकल्या जाणाऱ्या प्रत्येक पुडीला त्या ग्रंथाचा आधार आहे असं समजू नये. पाश्चात्त्य देशांत सॉ पामेटो या वनस्पतीचा अर्क याच आजारावर अमाप खपतो. 2006 मध्ये प्रसिद्ध झालेल्या काटेकोर चाचणीत तो बिनऔषधी गोळीपेक्षा सरस ठरला नाही. पुडीने कदाचित अपाय होणार नाही. पण पुडीच्या भरवशावर गेलेल्या दोन वर्षांत मूत्रपिंडांचं नुकसान नक्की होऊ शकतं.

लघवी वारंवार तुंबत असेल, खडे किंवा संसर्ग पुन्हा पुन्हा होत असतील, मूत्रपिंडांवर परिणाम दिसू लागला असेल, तर शस्त्रक्रिया करावी लागते. या शस्त्रक्रियेच्या इतिहासात हिंदुस्थानचा एक धागा आहे. पीटर फ्रेयर हा आयरिश सर्जन 1875 मध्ये इंडियन मेडिकल सर्व्हिसमध्ये आला आणि वीसेक वर्षं इथे मूतखड्यांच्या शस्त्रक्रिया करत राहिला. रामपूरच्या नवाबाला बरं केल्याबद्दल त्याला लाखभर रुपये मिळाल्याची नोंद आहे. मूत्राशयात शिरण्याचा हात इथल्या रुग्णांवर बसला आणि लंडनला परतल्यावर, डिसेंबर 1900 पासून, त्याने पोट उघडून बोटाने प्रोस्टेटचा वाढलेला भाग सोलून काढण्याची शस्त्रक्रिया रूढ केली. न्यूयॉर्कच्या युजीन फुलर यांनी ती त्याआधीच केली होती, त्यावरून मोठा वादही झाला. पण जगभर ती पोचली फ्रेयरच्या नावाने.

आज पोट उघडण्याची वेळ क्वचितच येते. दुर्बिणीची नळी लघवीच्या वाटेनेच आत घालून वाढलेला भाग विजेच्या तारेने कीस काढावा तसा कापून काढतात. 1926 मध्ये मॅक्सिमिलियन स्टर्न यांनी त्यासाठीचं उपकरण दाखवलं. पुढे ते सुधारत गेलं आणि ‘टीयूआरपी’ या नावाने हीच शस्त्रक्रिया अनेक दशकं मापदंड मानली गेली. कमरेखाली भूल, तास-दीड तासाचं काम, दोन-तीन दिवस नळी. 1990 च्या दशकात न्यूझीलंडमध्ये पीटर गिलिंग यांनी होल्मियम लेसरने संपूर्ण वाढलेला भाग सोलून काढण्याची पद्धत विकसित केली. खूप मोठ्या ग्रंथीही त्यामुळे दुर्बिणीतून काढता येऊ लागल्या, रक्तस्राव कमी झाला. गुजरातमध्ये या शाखेची जुनी परंपरा आहे. नडियादचं मुळजीभाई पटेल युरॉलॉजिकल हॉस्पिटल 1978 पासून केवळ मूत्ररोगांसाठी चालतं आणि त्याचं नाव देशाबाहेरही आहे.

शस्त्रक्रियेनंतर ‘पुरुषत्व जातं’ ही भीती पुरुष बोलून दाखवत नाहीत, पण तिच्यापायी वर्षानुवर्षं नळी बाळगतात. साधारणपणे लैंगिक क्षमता टिकते. बदलतं ते एवढंच, की बऱ्याच जणांत वीर्य बाहेर न येता मूत्राशयात जातं आणि नंतर लघवीवाटे निघून जातं. त्याने अपाय होत नाही. मात्र हे आधी समजावून सांगितलं गेलं पाहिजे. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर तीही शस्त्रक्रियेआधी सांगावी, आणि डॉक्टरांना विचारल्याशिवाय मनाने बंद करू नये.

खर्चाचा प्रश्न पॉवरलूमवर आयुष्य काढलेल्या माणसाला आधी पडतो. आयुष्मान भारत योजनेत ही दुर्बिणीची शस्त्रक्रिया समाविष्ट आहे. ऑक्टोबर 2024 अखेरीपासून सत्तर वर्षं पूर्ण झालेल्या प्रत्येकाला, उत्पन्नाची अट न घालता, याच योजनेचं वय वंदना कार्ड मिळू लागलं आहे. आधार कार्ड जळगावचं आणि मुक्काम डिंडोलीत, अशी स्थिती पुष्कळांची असते. आयुष्मान कार्ड योजनेत सामील असलेल्या दुसऱ्या राज्यांतही चालतं, हे त्यांनी लक्षात ठेवावं.

शेवटी तातडीच्या प्रसंगाबद्दल. सर्दी-खोकल्याची दुकानातून आणलेली गोळी, चार दिवसांचं बद्धकोष्ठ, किंवा लग्नाला जाताना सुरत-भुसावळ गाडीत गर्दीमुळे तासन्‌तास धरून ठेवलेली लघवी, यांपैकी काहीही वाढलेल्या प्रोस्टेटच्या माणसाची लघवी पुरती बंद पाडू शकतं. ओटीपोट फुगतं, माणूस घामाघूम होऊन कळवळतो. अशा वेळी पाणी पाजू नये, पोट शेकत सकाळची वाट पाहू नये. रुग्णालयात नळी टाकली की मिनिटाभरात उतार पडतो. नळी पडली म्हणजे जन्माची अडकली असंही नाही. औषध सुरू करून काही दिवसांनी ती काढून पाहतात आणि अनेकांना पुन्हा आपली आपण लघवी होऊ लागते. मजुरा गेटचं नवं सिव्हिल हॉस्पिटल आणि उमरवाड्याचं महापालिकेचं स्मीमेर, दोन्हीकडे तातडीचा विभाग रात्रभर उघडा असतो.